सातचा पाढा घडाघडा म्हणतो, पण ‘सात आठे किती?’ विचारलं की गप्प

पत्र :

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. आम्ही आर्णी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहतो. पाच एकर कोरडवाहू शेती आहे. रोज दिवेलागणीनंतर मी त्याला पाढे म्हणायला बसवते. दोनपासून आठपर्यंत घडाघडा म्हणतो. पण मधातच ‘सात आठे किती?’ विचारलं की गप्प होतो, नाहीतर मनातल्या मनात सात एके सातपासून सुरू करतो. त्याचे वडील चिडतात. ‘मार भेटल्याशिवाय पाहाडे येत नाहीत, आमालेबी असेच आले,’ म्हणतात. हातही उगारला आहे त्यांनी. सासरे सत्तरीपुढचे आहेत. त्यांना दिडकी, अडीचकीसुद्धा पाठ आहे. ते म्हणतात, आताच्या पोरांत दमच नाही. मी आठवी शिकले. खरं सांगायचं तर आठच्या पुढे मीच अडखळते, मग त्याला काय शिकवणार? सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत, घरी यायला अंधार होतो. जाऊबाईंनी मोबाइलवर पाढ्यांची गाणी लावून दिली. ती पाठ झाली, पण फरक पडला नाही. तालुक्याला शिकवणी लावावी का? आणि तीसपर्यंत पाढे आल्याशिवाय शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

उत्तर :

ताई, तुमच्या मुलाचं कुठे अडतंय ते तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. मधातच विचारलं की तो सात एके सातपासून सुरू करतो. म्हणजे सातचा पाढा त्याला आरतीसारखा एका ओघात पाठ आहे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा हात धरून येते. ‘सात साते एकोणपन्नास’ म्हटल्याशिवाय ‘सात आठे छप्पन्न’ तोंडात येत नाही. याचा आळसाशी संबंध नाही आणि बुद्धीशी तर मुळीच नाही. आपण पाढे कायम क्रमाने म्हणवून घेतो, म्हणून ते क्रमानेच येतात. मोबाइलच्या गाण्यांनी फरक का पडला नाही, तेही यातच आलं. गाणंही बिचारं एकेपासून दाहेपर्यंतच चालतं.

पाढे मोठ्याने म्हणण्याला माझा विरोध नाही. चाल असते, ठेका असतो आणि त्या ठेक्यात आकडे जिभेवर बसतात. शाळेच्या वाटेवर पोरं मिळून म्हणत असतील तर म्हणू द्या. पण ती अर्धीच वाट झाली. पाढा म्हणता येणारं मूल मधेच कुठेही अडवलं तरी उत्तर देईलच असं नाही, आणि गुणाकार-भागाकाराला नेमकं मधलंच लागतं. भागाकार करताना ५६ मध्ये ७ किती वेळा, हे शोधायला दर वेळी सात एके सातपासून चढत गेलं तर पोराचा जीव तिथेच दमतो आणि पुढच्या पायऱ्या चुकतात. पाचवी-सहावीत गणिताची भीती बसते ती बरेचदा इथूनच.

सगळ्यात आधी एक छोटी तपासणी करा. पाढा विचारू नका. फक्त आकडे सांगा आणि पाटीवर लिहायला लावा : बेचाळीस, चोपन्न, त्रेसष्ट, एकोणपन्नास, बाहत्तर. त्रेसष्ट ऐकून त्याने ३६ लिहिलं, बेचाळीसचे २४ केले किंवा एकोणपन्नासला ५९ लिहिलं, तर अडचण पाढ्याची नाही, आकड्याच्या नावाची आहे. आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यात एकोणपन्नास बोलताना तोंडात पन्नास असतं आणि लिहायचे असतात ४९. मोठ्यांना हे जाणवत नाही, पण लहान मुलाची इथे दमछाक होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असंही वाचन आलं आणि राज्यभर वाद पेटला, ते कदाचित तुमच्या कानावर आलं असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर हीच अडचण समजावून सांगत होत्या. भाषा बिघडेल की नाही यावर लोक भांडले, पण पोरांची अडचण खोटी नव्हती. तुमचा मुलगा इथे चुकत असेल तर आठवडाभर पाढे बाजूला ठेवा आणि हाच खेळ करा : तुम्ही ‘त्रेसष्ट’ म्हणायचं, त्याने ‘साठ आणि तीन’ म्हणायचं, मग लिहायचं.

आता मुख्य गोष्ट. एकपासून दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार. एवढं ओझं बघून कोणाचीही छाती दडपेल. पण खरोखर पाठ करावं लागतं ते फार थोडं.

तुमच्याकडे किंवा शेजारी कोणी चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही बाजूंनी सरळ ओळी येतील अशी, कपाशी लावली असेलच. मुलाला सुट्टीच्या दिवशी तिथे न्या. एका बाजूने उभं राहून सात ओळी मोजायला सांगा, प्रत्येक ओळीत आठ झाडं धरा. मग आडव्या बाजूला नेऊन उभं करा. आता ओळी आठ दिसतात आणि प्रत्येकीत झाडं सात. झाडं तीच, एकही वाढलं नाही की कमी झालं नाही. दोन्ही बाजूंनी डवरा (तण काढायचं औजार) फिरवणाऱ्या घरातल्या पोराला हे वेगळं समजवावं लागत नाही, त्याने ते पायांनी पाहिलेलं असतं. सात आठे आणि आठ साते एकच, हे एकदा डोळ्यांना दिसलं की शंभर गुणाकारांचे पंचावन्न उरतात. शेतात जमलं नाही तर किराणा दुकानातला अंड्यांचा ट्रे दाखवा, सहा ओळी पाचाच्या किंवा पाच ओळी सहाच्या. किंवा अंगणात चिंचोके मांडा.

पुढे चाळत जा. एकचा आणि दहाचा पाढा त्याला येतोच. दोनचा येतो, पाचचाही येत असणार, कारण पाचच्या पाढ्यात उत्तराच्या शेवटी पाच किंवा शून्य असतं आणि घड्याळातही तोच पाढा असतो. एवढं वगळलं की उरतात एकवीस. चारचा पाढा म्हणजे दोनदा दुप्पट. चार साते विचारलं तर सात दुणे चौदा, चौदा दुणे अठ्ठावीस. मुलाला दुप्पट करता येत असेल तर चारचा पाढा वेगळा पाठ करायला नको. आता पंधरा राहिले. नऊचा पाढा दहावरून काढायचा : दहा साते सत्तर, त्यातून सात गेले, त्रेसष्ट. ताळाही तिथल्या तिथे करता येतो, कारण नऊच्या पाढ्यात दहापर्यंत प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते, सहा नि तीन नऊ, सात नि दोन नऊ. दहा बोटं समोर पसरून डावीकडून सातवं बोट मिटलं तर डावीकडे सहा आणि उजवीकडे तीन बोटं उरतात. पोरांना हा बोटांचा खेळ फार आवडतो, करू द्या.

शेवटी दहा गुणाकार उरतात. तेवढेच कागदावर लिहून भिंतीला लावा :

३ × ३ = ९
३ × ६ = १८
३ × ७ = २१
३ × ८ = २४
६ × ६ = ३६
६ × ७ = ४२
६ × ८ = ४८
७ × ७ = ४९
७ × ८ = ५६
८ × ८ = ६४

तुमचा मुलगा अडखळतो ते बहुतेक याच दहांपैकी कुठेतरी. तीनचे चार त्याला लवकर येतील. खरी झुंज शेवटच्या सहांशी आहे. त्यांनाही आधार देता येतो. सहा साते आठवत नसेल तर पाच साते पस्तीस त्याला येतं, त्यात आणखी एक सात मिळवला की बेचाळीस. सहा आठे म्हणजे तीन आठे चोवीसची दुप्पट, अठ्ठेचाळीस. आठ आठे म्हणजे चार आठे बत्तीसची दुप्पट, चौसष्ट. सात आठेचं उत्तर तर ओळीनेच येतं : पाच, सहा, सात, आठ. छप्पन्न बरोबर सात गुणिले आठ. हे एकदा पाटीवर लिहून दाखवा, ५६ = ७ × ८. मग तो विसरणार नाही.

हा आधार फार महत्त्वाचा आहे, ताई. नुसतं पाठ केलेलं विसरलं की मूल हात टेकून बसतं. आधार असलेलं मूल विसरलं तरी चाचपडत उत्तरापर्यंत पोचतं, आणि तसं पोचता पोचताच ते पक्कं होतं.

सराव कसा करायचा? जुन्या लग्नपत्रिका घरात पडलेल्या असतातच. त्यांच्या कोऱ्या बाजूचे छोटे चौकोन कापा. एका बाजूला ७ × ८, मागे ५६. दहा गुणाकारांच्या दहा पत्त्या. सगळ्या एकदम काढू नका. त्याला नीट येणाऱ्या तीन-चार आणि नवी एकच. पिसून, क्रम मोडून विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर मनात हळू पाचपर्यंत मोजा आणि तोवर काही बोलू नका. चुकलं तर रागावू नका, उत्तर सांगा, ते कसं काढायचं ते त्याच्याकडून वदवून घ्या आणि दोन पत्त्यांनंतर तीच पुन्हा समोर धरा. एक नवी पत्ती दोन-तीन दिवस न चुकता आली की दुसरी नवी.

तुम्ही लिहिलं की आठच्या पुढे तुम्हीच अडखळता. पत्तीच्या मागे उत्तर आहे, त्यामुळे विचारायला तुम्हाला पाढा यायची गरज नाही. उलट एक दिवस त्याला विचारू द्या, तुम्ही उत्तर द्या. आईला विचारताना लेकराला जो हुरूप येतो तो बाहेरच्या शिकवणीत मिळत नाही, आणि विचारणाऱ्यालाही उत्तर तपासावं लागतं, म्हणजे त्याचाही सराव होतो. महिनाभरात तुमचेही पाढे पक्के होतील, वेचणीचा हिशेब करायला ते उपयोगी पडतील.

वेळेबद्दल. रात्री थकून आल्यावर, पोरगं पेंगत असताना तासभर बसवणं सोडून द्या. त्यातून काही साधत नाही, दोघांची चिडचिड तेवढी होते. सकाळी चूल पेटवताना पाच मिनिटं आणि रात्री जेवताना पाच मिनिटं, बस्स. थोडं थोडं, पण मध्ये अंतर ठेवून. जर्मनीतल्या हर्मन एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने १८८५ साली विसरण्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती काळाने किती विसरली ते मोजायचं. त्यात दिसलं की सुरुवातीला माणूस भराभर विसरतो, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा तोच सराव दिवसांवर वाटून केला तर जास्त टिकतो. म्हणून आज आलेली पत्ती उद्या विचारा, मग परवा सोडून तेरवा, मग आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. थोडं विसरायला लागल्यावर जोर लावून आठवलं की ते घट्ट बसतं.

पत्त्या सरळ यायला लागल्या की उलट्या धरा. ‘छप्पन्न कशाकशाचे?’ ‘चोवीस कशाकशाचे?’ चोवीसला तीन आठे, चार सक, दोन बारे, सगळी उत्तरं बरोबर. हे जमलं की पुढचा भागाकार त्याला जड जाणार नाही. मला विचाराल तर पाढा सुलटा म्हणण्यापेक्षा याला जास्त किंमत आहे.

आता मुलाच्या वडिलांसाठी थोडं. हे त्यांना वाचून दाखवा. दादा, तुम्हाला पाढे माराने आले असं तुम्ही म्हणता. मला वाटतं ते तुमच्या रोजच्या घोकण्याने आले आणि मार सोबत मिळाला. सात आठे विचारताना समोर उगारलेला हात असेल तर पोराचं सगळं लक्ष हाताकडे जातं. आकडा आठवायला जी जागा डोक्यात मोकळी हवी तीच भीतीने भरते. शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, कलम १७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. घरात कायदा बघायला कोणी येत नाही, पण पोरगं तेच आहे. मारलं की ते गणितापासून लांब पळतं, आणि तुमच्यापासूनही. त्याला तुमचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने होऊ शकतो. कापूस विकायला जाल तेव्हा हिशेब त्याच्यासमोर करा. समजा भाव सात हजार आणि माल आठ क्विंटल. विचारा त्याला, किती झाले? छप्पन्न हजार! घरातल्या पैशाचा हिशेब आपल्याला विचारला, आपण सांगितला आणि तो बरोबर निघाला, हे पोरगं वर्षभर मिरवेल. वेचणीचं तसंच. समजा मजुरी किलोला आठ रुपये आणि मायनं सकाळी वीस किलो वेचला. आठ दुणे सोळा, पुढे शून्य, एकशे साठ.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असलेली माणसं आता थोडी राहिली आहेत. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-मणाची मापं होती तेव्हा सव्वा, दीड, अडीच, साडेतीनच्या पाढ्यांशिवाय दुकानात पान हलत नसे. १९५७ साली दशमान नाणी आली, मग किलो-लिटर आले आणि त्या पाढ्यांची रोजची गरज कमी झाली. आताच्या पोरांत दम नाही असं म्हणण्यापेक्षा त्यांनी नातवाला एक गंमत शिकवावी : दिडकी म्हणजे आकडा आणि त्याचा अर्धा. आठ दिढे बारा, कसे? आठ नि चार. पण हे शर्यत लावून नको आणि ‘मी तुझ्या वयात’ या वाक्याने सुरुवात करून तर नकोच. नातू दुपारी शाळेतून येतो तेव्हा तुम्ही दोघं शेतात असता. पत्त्या विचारण्याचं काम आजोबांकडे द्या. घरात तेवढा वेळ आणि तेवढे पक्के पाढे त्यांच्याचकडे आहेत.

तीसपर्यंतच्या पाढ्यांचं म्हणाल, तर शिष्यवृत्तीला बसायला अशी कुठलीही अट नाही. त्या परीक्षेत पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात. हिशेब चटकन करता आला पाहिजे हे खरं, पण दहापर्यंतचं पक्कं असेल तर पुढचं काढता येतं. तेरा साते आठवत नसेल तर दहा साते सत्तर आणि तीन साते एकवीस, एक्याण्णव. दहापर्यंतचं कच्चं ठेवून एकोणतीसचा पाढा घोकवणं मला पटत नाही. पुढचे घ्यायचेच असतील तर आधी बारा घ्या, डझन आणि वर्षाचे महिने त्यात आहेत. मग पंधरा, मग पंचवीस. हे तीन जन्मभर लागतात. बाकीच्यांना घाई नाही.

शिकवणी आत्ता लावू नका. तालुक्याला जाण्यायेण्यात त्याचे दोन तास जातील, पैसे जातील, आणि तिथेही बहुधा पाढे क्रमानेच म्हणवून घेतील. दोन-तीन महिने पत्त्यांचा सराव करून बघा. तेवढ्या वेळातही काहीच फरक दिसला नाही, दोन आकड्यांत मोठा कोणता ते सांगताना तो गोंधळला, पाच आणि तीनसारखी बेरीजही दर वेळी बोटांवरच करू लागला, तर शिक्षकांशी बोला. काही हुशार मुलांना आकड्यांचीच वेगळी अडचण असते, तिला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अशा अध्ययन अडचणींचा समावेश आहे आणि शाळेमार्फत तपासणी करून घेता येते. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. आठपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या आणि चढत जाऊन का होईना बरोबर उत्तरापर्यंत पोचणाऱ्या मुलाची पाठ करण्याची ताकद चांगली आहे.

शिक्षकांना तसंही एकदा भेटाच. भिंतीवरचा दहा गुणाकारांचा कागद सोबत न्या आणि घरी काय चाललंय ते सांगा. वर्गात त्याला ‘सातचा पाढा म्हण’ म्हणून उभं करण्याऐवजी अधूनमधून यातला एखादा सुटा गुणाकार विचारा, आणि उत्तराला थोडा वेळ द्या, एवढी विनंती करा. कोणते तीन-चार त्याला अजून येत नाहीत ते कागदावर पेन्सिलीने खूण करून ठेवा, म्हणजे शाळेत आणि घरी दोन्हीकडे तेच विचारले जातील.